विरजण न घातलेली वाटी

‘फरक पडला’ हे दोन शब्द आपण बायका दिवसातून किती वेळा उच्चारतो, कधी मोजलंय का? तेल बदललं, केस गळायचे थांबले, फरक पडला. रात्री भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी सुरू केलं, गुडघ्यांना फरक पडला. मुलाचा क्लास बदलला, गणिताच्या मार्कांत फरक पडला. ऐकणारी लगेच विचारते, ‘काय सांगतेस! कुठलं गं तेल?’ पूर्वी ही देवाणघेवाण हळदीकुंकवाला आणि लोकलच्या लेडीज डब्यात व्हायची, आता फोनवरच्या ग्रुपमध्ये होते, इतकंच. त्यात गैर काहीच नाही. घरं अशीच चालत आली आहेत. पण या सगळ्यात एक छोटासा प्रश्न कायम विचारायचा राहून जातो. तेल बदललं नसतं, तर काय झालं असतं?

बाळंतपणानंतर काही महिन्यांनी गळायला लागलेले केस बहुतेकींचे वर्षभरात आपोआप गळायचे थांबतात. त्या काळात जी बाटली हातात असेल, तिला श्रेय मिळतं!

मी सव्वीस वर्षं एका कॉलेजात जीवशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतात रंगीत द्रव, वाफा आणि पांढरे कोट. खरं सांगायचं तर प्रयोगशाळा ही या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायची जागा आहे. ‘हे केलं नसतं तर?’ आयुष्यात ते कळायला मार्ग नसतो, कारण आयुष्य एकदाच जगता येतं. प्रयोगशाळेत मात्र तेच दूध चार वाट्यांत घेता येतं.

हो, दूधच. अकरावीच्या मुलींना मी पहिलं प्रॅक्टिकल दह्याचं द्यायची. एकाच पातेल्यातलं उकळून कोमट केलेलं दूध चार सारख्या वाट्यांत सारखं मोजून घ्यायचं. तीन वाट्यांत एकाच दह्याचं एकेक चमचा विरजण. त्यातली एक वाटी टेबलावर, एक फ्रिजमध्ये, एक चाळीस अंशांच्या उबेत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये. दर तासाला पीएच कागदाची पट्टी बुडवायची आणि आकडा वहीत लिहायचा. ताज्या दुधाचा पीएच साधारण साडेसहाच्या थोडा वर असतो. दही लागलं की तो साडेचारच्या आसपास उतरतो. ‘घट्ट वाटतंय’, ‘आंबूस लागतंय’ असलं काही चालायचं नाही. आकडा लिहा. कारण मैत्रिणीला जे आंबूस वाटतं, ते तुम्हाला गोड वाटू शकतं. पट्टीचा रंग मात्र दोघींना सारखाच दिसतो.

चौथी वाटीही उबेतच ठेवायची, पण तिच्यात विरजण घालायचं नाही. दरवर्षी एक तरी मुलगी विचारायचीच, ‘मॅडम, ही वाटी कशाला? हिच्यात तर काहीच होणार नाही.’ मी म्हणायची, ‘काही होत नाही, हेच तर आपल्याला बघायचंय.’

एका मार्चमध्ये ती चौथी वाटीही आंबली. मुली हिरमुसल्या. प्रॅक्टिकल वाया गेलं असं त्यांना वाटलं. पण विचार करा, ती चौथी वाटी नसती तर काय झालं असतं? तिसऱ्या वाटीतलं दही बघून ‘विरजण आणि ऊब, दही लागलं’ असं लिहून आम्ही मोकळ्या झालो असतो. दूध मुळातच खराब होतं की वाट्या नीट धुतल्या नव्हत्या, याचा पत्ताच लागला नसता. आमच्या लॅबमधले मामा म्हणाले, ‘मॅडम, रिकामी वाटीच चहाडी करते बघा.’ विज्ञानात याला ‘कंट्रोल’ म्हणतात. मला मामांचा शब्द जास्त आवडतो.

तर प्रयोगाचा हिशेब एवढाच. एक गोष्ट मुद्दाम बदलायची. एक गोष्ट नीट मोजायची. बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं. आणि शेजारी एक न बदललेली वाटी हवीच. ऐकायला किती सोपं! पण दुधाच्या जागी जेव्हा जिवंत बाई असते, तेव्हा हेच किती अवघड होतं, ते सांगणारी एक गोष्ट आपल्या परळमध्ये घडली आहे.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. वय चाळीस. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकलेल्या, नंतर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्या. काम करायची जागा होती परळची हाफकिन इन्स्टिट्यूट. काम होतं भारतातल्या मातामृत्यूंच्या चौकशीचं, जी डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी हाती घेतली होती. गरोदर बायका फिकट पडत, त्यांना धाप लागे, पायावर सूज येई आणि त्यातल्या कित्येक बाळंतपणाच्या आगेमागे मरून जात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या रक्तात लाल पेशी कमी दिसत, आणि ज्या दिसत त्या नेहमीपेक्षा मोठ्या, बेढब. नुसत्या लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. म्हणजे हा ॲनिमिया वेगळा होता.

बाईंनी सुरुवात केली ती माणसांच्या ताटापासून. एस. एन. तळपदे यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणी यांची पाहणी केली. ती १९३० साली छापून आली. श्रीमंत-गरीब, वेगवेगळ्या समाजांतल्या बायका काय खातात आणि कोणाला हा आजार होतो, याची तुलना केल्यावर दिसलं, की ज्यांचं ताट सगळ्यात रिकामं, त्यांनाच तो सगळ्यात जास्त. गरीब मुस्लिम बायकांमध्ये तो विशेष दिसत होता.

इथे कुणीही म्हणालं असतं, झालं, सापडलं कारण! पण नुसत्या पाहणीची अडचण इथेच आहे. जिच्या ताटात कमी, तिच्या घरात उजेडही कमी, बाळंतपणं जास्त, आजारपणं जास्त, डॉक्टर लांब. यातलं नेमकं काय बाईला मारतंय? हे सगळे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि खऱ्या आयुष्यात ते सुटे करता येत नाहीत. एका बाईला मुद्दाम उपाशी ठेवून आणि दुसरीला जेवू घालून बघता येत नाही. म्हणून विल्सबाई कुन्नूरला गेल्या. निलगिरीतल्या त्या गावी पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आहारावर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. तिथे त्यांनी हाच प्रश्न पांढऱ्या उंदरांना विचारला.

मुंबईच्या बायकांच्या ताटात जे होतं, तेच उंदरांना. उंदरांना ॲनिमिया झाला. गाभण माद्या पिल्लं होण्याआधीच मरायला लागल्या. मग ‘ब’ जीवनसत्त्व नसलेला, मोजून-मापून तयार केलेला आहार द्यायचा आणि त्यात फक्त यीस्ट घालून बघायचं. यीस्ट घातलं की ॲनिमिया टळत होता. बाकी पिंजरा तोच, हवा तीच, पाणी तेच. बदल एकच.

पण इथे एक घोटाळा निघाला. उंदरांच्या रक्तात बार्टोनेला नावाचे जंतूही सापडत होते. हे जंतू उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरतात आणि त्यांच्यामुळेही ॲनिमिया होतो. म्हणजे उंदीर फिकट पडले ते अन्नामुळे, की उवांमुळे? की आधी अन्नाने खंगले आणि मग जंतूंनी गाठलं? माझ्या मुलींची चौथी वाटी आंबली तसंच हे. विल्सबाई आणि त्यांचे सहकारी एम. एम. मेहता यांनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. १९३१ साली छापलेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच बार्टोनेलाचा उल्लेख आहे. नंतर एच. एस. बिलिमोरिया यांच्यासोबत त्यांनी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. निकृष्ट आहाराने माकडांना तसाच मोठ्या पेशींचा ॲनिमिया होतो, हे १९३२ साली मांडलं. माकड आपल्याला जास्त जवळचं, म्हणून त्याची साक्ष जास्त वजनाची.

मुक्या जनावरांना असं आजारी पाडणं योग्य का, हा प्रश्न माझ्या वर्गात नेहमी निघायचा आणि तो निघायलाच हवा. आज प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिक समितीची परवानगी लागते. त्या काळी तसं नव्हतं. एवढं मात्र खरं, की त्याच वेळी वॉर्डात बायका मरत होत्या आणि त्यांच्यावर कुणी समिती नेमली नव्हती.

मग पाळी आली त्या बायकांची. विल्सबाईंनी त्यांना यीस्टचा अर्क दिला. तो ‘मार्माइट’ या नावाने बरणीत मिळायचा. बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून केलेला, काळा, खारट, चिकट पदार्थ. ब्रिटनमध्ये लोक तो पावाला लावून खातात. महाग औषध नाही, स्वयंपाकघरातली बरणी! परिणाम मोजायचा कसा? ‘बरं वाटतंय’ हे पुरेसं नव्हतं. रक्ताचा एक थेंब चौकटी आखलेल्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी एक एक मोजायच्या. नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशी वेगळ्या ओळखू येतात. उपाय लागू पडला, तर त्यांची संख्या आठवडाभरातच उसळी घेते. बाईच्या तोंडावर रंग दिसायच्या आधी काचेवर बातमी येते. जून १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला. यीस्टच्या अर्काने हा ॲनिमिया बरा होत होता.

इथे थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण ‘बरं झालं’ आणि ‘कशामुळे बरं झालं’ यांत अंतर असतं. त्या काळी ‘पर्निशिअस ॲनिमिया’ नावाच्या दुसऱ्या एका आजारावर प्राण्यांचं यकृत, म्हणजे लिव्हर, खायला देत. त्यातही लाल पेशी मोठ्याच होतात. मग हा आजार तोच का? विल्सबाईंनी दोन प्रकारचे लिव्हर अर्क घेतले, एक कच्चा आणि एक खूप शुद्ध केलेला. कच्च्या अर्काने त्यांचे रुग्ण सुधारत. शुद्ध अर्काने पर्निशिअस ॲनिमिया बरा होई, पण यांना उपयोग होत नसे. याचा अर्थ, शुद्ध करताना कच्च्या अर्कातून जे काही निघून जात होतं, तेच या बायकांना हवं होतं! नुसती वजाबाकी करून त्यांनी एका न दिसणाऱ्या पदार्थाची जागा दाखवून दिली. पुढे कित्येक वर्षं लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत.

१९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक पदार्थ चिमूटभर वेगळा काढला. पानाला लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून नाव ठेवलं फोलिक ॲसिड. १९४५ साली अमेरिकेतल्याच लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. विल्सबाईंचा न दिसणारा पदार्थ तो हाच.

आता हे सगळं सांगायचं निमित्त. माझ्या भाचीच्या लग्नाला दीड वर्ष झालं. मूल हवं असा विचार दोघांनी केला, म्हणून ती आधीच डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी तपासण्या केल्या आणि फोलिक ॲसिडची गोळी सुरू करायला सांगितली. घरी सासूबाईंनी गोळ्यांची पट्टी बघितली. बाई प्रेमळ आहेत, सुनेला माहेरासारखं वागवतात. पण त्यांचा प्रश्न होता, ‘अजून दिवस गेलेले नाहीत, तर गोळी कसली? आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? आम्हाला काही झालं का?’ भाचीने मला फोन केला, ‘मावशी, तूच ये आणि सांग. माझं ऐकत नाहीत.’

‘आम्हाला काही झालं का?’ या प्रश्नाला हसू नये. तो फार चांगला प्रश्न आहे. गोळी न घेता हजारो बायकांना धडधाकट मुलं होतात, हे अगदी खरं आहे. मग गोळीने फरक पडतो, हे कशावरून? इथे प्रयोगातली आणखी एक अडचण येते. तिचं नाव योगायोग.

१९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड या शेती संशोधन केंद्रात म्युरिअल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ होत्या. कपात आधी दूध ओतलंय की आधी चहा, हे मी चवीवरून सांगते, असं त्या म्हणत. तिथले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी यातून एक परीक्षा रचली, जी त्यांच्या १९३५ सालच्या पुस्तकामुळे जगभर गाजली. आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. चव न कळता नुसत्या अंदाजाने आठही बरोबर यायची शक्यता किती? सत्तरात एक. एकच कप ओळखला, तर ती शक्यता दोनात एक, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. म्हणून एका कपावर कुणी भाळू नये. एका शेजारणीच्या अनुभवावरही नाही!

फिशर यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. दोन गोष्टी तपासायच्या असतील तर चार गट करा. एकाला पहिली, एकाला दुसरी, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. म्हणजे श्रीमंत-गरीब, तरुण-प्रौढ, काळजी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा सगळ्या चारही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. उंदरांचा पिंजरा सारखा ठेवता येतो. माणसांची आयुष्यं सारखी करता येत नाहीत. चिठ्ठी ती कामगिरी करते.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने नेमकं हेच केलं. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नळी गर्भधारणेनंतर पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीवर उघडी गाठ राहते, किंवा मेंदूच पुरता घडत नाही. असं बाळ आधी एकदा झालेल्या १,८१७ बायका सात देशांतून या प्रयोगात सामील झाल्या. चार गट केले. फोलिक ॲसिड, इतर जीवनसत्त्वं, दोन्ही, आणि दोन्ही नाही. गर्भधारणेच्या आधीपासूनच कॅप्सूल सुरू. एप्रिल १९९१ मध्ये हा प्रयोग ठरल्यापेक्षा लवकर थांबवला, कारण आकडे बोलू लागले होते. ज्या १,१९५ गरोदरपणांचा निकाल कळला होता, त्यांत २७ बाळांना हा दोष होता. फोलिक ॲसिड घेतलेल्या ५९३ जणींत ६, आणि न घेतलेल्या ६०२ जणींत २१. धोका जवळपास तीन-चतुर्थांशाने कमी झाला होता. इतर जीवनसत्त्वांनी मात्र असं संरक्षण दिसलं नाही. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, हंगेरीतल्या प्रयोगाने दाखवलं, की आधी असं बाळ न झालेल्या बायकांनाही फोलिक ॲसिड असलेल्या गोळीचा फायदा होतो.

त्या सहा बायकांचाही विचार करा. त्यांनी गोळी घेतली होती. आणि गोळी न घेतलेल्यांपैकी बहुतेकींची बाळं ठणठणीत होती. म्हणजे ‘मी घेतली नाही, मला काही झालं नाही’ हेही खरं, आणि ‘घेतली तर धोका घटतो’ हेही खरं. प्रयोग एकीचं भविष्य सांगत नाही. तो गटाचं सांगतो. आपण कुठल्या गटात बसायचं, एवढं मात्र आपल्या हातात असतं. आणि पाळी चुकल्याचं कळेपर्यंत त्या अठ्ठावीस दिवसांतले बरेच दिवस निघून गेलेले असतात, म्हणून गोळी दिवस जायच्या आधीपासून.

हे सगळं मी भाचीच्या सासूबाईंना सांगितलं. वाट्यांपासून सुरुवात केली, कारण दही त्या माझ्यापेक्षा चांगलं लावतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, माझ्या मोठ्या जाऊबाईंचं पहिलं बाळ असंच होतं. पाठीवर गाठ. आठव्या दिवशी गेलं.’

सुनेला हे माहीत नव्हतं. मुलालाही नव्हतं. घरात कुणी कधी हा विषय काढलाच नव्हता. गावातल्या बायकांनी आणि खुद्द घरातल्यांनी तेव्हा कारण शोधून काढलं होतं, जाऊबाईंनी ग्रहणात भाजी चिरली! ग्रहणात गरोदर बाईने विळी हातात घ्यायची नसते, ती यांनी घेतली. झालं. पन्नास वर्षं ती बाई हे ओझं घेऊन जगली. पुढे दोन मुलं चांगली झाली, नातवंडं झाली, पण प्रत्येक ग्रहणाला त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसतात, असं सासूबाई म्हणाल्या.

मी वही मागितली आणि चार चौकोन काढले. ग्रहणात चिरलं आणि बाळ आजारी झालं. चिरलं आणि बाळ धडधाकट झालं. चिरलं नाही आणि आजारी झालं. चिरलं नाही आणि धडधाकट झालं. ‘पहिल्या चौकोनात जाऊबाई. बाकीचे तीन चौकोन कुणी मोजले?’ त्या दिवशी गावात, तालुक्यात, जिथे ग्रहण मानतच नाहीत अशा घरांत कितीतरी गरोदर बायकांनी स्वयंपाक केला असेल. त्यांची बाळं कुणी बघायला गेलं नाही. आणि विळीला हातही न लावता ज्यांची बाळं अशीच गेली, त्यांच्यासाठी दुसरं कारण शोधलं गेलं असेल. पाय वाईट, नजर लागली, मागच्या जन्मीचं काही. कारण मिळतंच. फक्त ते तपासलेलं नसतं.

सासूबाईंनी विचारलं, ‘मग तेव्हा ही गोळी असती, तर ते बाळ वाचलं असतं का?’ ते मला सांगता येत नाही, आणि मी तसं म्हटलंही नाही. कदाचित वाचलं असतं, कदाचित नाही. या दोषामागे इतरही कारणं असतात. ‘गोळी घेतली नाही म्हणून असं झालं’ असं उद्या कुणी एखाद्या आईला म्हणू लागलं, तर ते ग्रहणाचंच नवं रूप झालं. आकडे काळजी घेण्यासाठी असतात. बाईला फासावर द्यायला नसतात.

आता थोडं आपल्यासाठी, मैत्रिणींनो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त! यात लोहाच्या कमतरतेचा वाटा मोठा आहे. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणारी लाल गोळी आणि शाळेत मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी, दोन्हींत लोह आणि फोलिक ॲसिड असतं. त्या डब्यात पडून राहू देऊ नका. पालेभाज्या, डाळी, हरभरे, शेंगदाणे यांत फोलेट असतंच, पण भाजी खूप वेळ शिजवली आणि पाणी ओतून दिलं, की त्यातलं बरंच जातं. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना भेटा. गोळी कुठली आणि किती, ते त्यांनाच ठरवू द्या. आधी असं बाळ झालं असेल, मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर ते न लाजता सांगा, कारण मग प्रमाण बदलू शकतं.

आणि कुणी ‘फरक पडला’ म्हणालं, तर तिला लगेच खोडून काढू नका. फक्त विचारा, तेव्हा आणखी काय काय बदललं होतं? किती जणींना पडला? आणि जिने हे केलं नाही, तिचं काय झालं? तेलाच्या बाटलीसाठी नाही विचारलं तरी बिघडत नाही. पण ज्या ‘फरकाचा’ दोष एखाद्या बाईच्या डोक्यावर जाणार असेल, तिथे विचारायलाच हवं.

निघताना सासूबाई मला दारापर्यंत पोचवायला आल्या. तो चार चौकोनांचा कागद त्यांच्या हातातच होता. म्हणाल्या, ‘गोळीचं सुनेला मीच रोज आठवण करीन. पण हे दुसरं मला एवढं सोपं करून सांगता येईल की नाही, कोण जाणे.’ मी विचारलं, ‘कुणाला सांगायचंय?’

‘जाऊबाईंना,’ त्या म्हणाल्या. ‘आता पंच्याऐंशीला टेकल्यात. कमी ऐकू येतं. रविवारी जाऊनच येते.’